शेजार सिॲटलचा, कारभार टॅकोमाचा

पुण्याची महापालिका दोन करावी की आणखी गावे तिच्यात घ्यावीत, या वादात हद्दीची चर्चा फार होते आणि अधिकारांची फार थोडी. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे पुण्यात आली. त्यांतली फुरसुंगी आणि उरुळी देवाची 2024 मध्ये पुन्हा वगळली गेली. वाघोलीच्या रहिवाशाला पाणी कोण देणार, हे मात्र नकाशावरची रेघ हलल्याने ठरत नाही.

मी राहतो ते अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातले टॅकोमा सिॲटलच्या दक्षिणेला साधारण 50 किलोमीटरवर आहे. 2020 च्या जनगणनेत टॅकोमाची लोकसंख्या 2,19,346 होती, तर सिॲटलची 7,37,015. 1873 मध्ये नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेने आपले पश्चिमेकडचे अखेरचे स्थानक म्हणून टॅकोमाची निवड केली, तरी पुढे वाढले ते सिॲटलच. टॅकोमाच्या वाट्याला बंदर, लाकडाच्या गिरण्या, कागद कारखान्याचा कुप्रसिद्ध वास आणि तांबे गाळण्याची भट्टी आली. ती 1985 मध्ये बंद पडली, पण तिच्या धुरातले आर्सेनिक आसपासच्या मातीत उरले. विमानतळाच्या नावात दोन्ही शहरे आहेत, कारण उभारणीच्या वेळी टॅकोमाने 1 लाख डॉलर दिले. चालवते ते मात्र सिॲटलचे बंदर प्राधिकरण.

तरीही टॅकोमा सिॲटलचे उपनगर झालेले नाही, आणि त्याचे श्रेय मी महापालिकेने 1893 पासून स्वतःकडे ठेवलेल्या वीज आणि पाणीपुरवठ्याला देतो. जे एकट्याने जमत नाही, तेवढेच इथे शेजाऱ्याशी वाटून घेतले जाते. एकमेकांची गिऱ्हाइके पळवणाऱ्या दोन बंदरांनी 2015 मध्ये मालवाहतुकीचा कारभार एकत्र केला, पण मालमत्ता आणि निवडून आलेली मंडळे वेगळीच राहिली. तीन काउंटींची, म्हणजे जिल्ह्यांची, रेल्वे आणि बससेवा पाहणाऱ्या साउंड ट्रान्झिटच्या मंडळातल्या 18 सदस्यांपैकी 17 जण स्थानिक लोकप्रतिनिधी असतात आणि मोठ्या करवाढीसाठी मतदारांचा कौल घ्यावा लागतो.

ही व्यवस्था निर्दोष नाही. साउंड ट्रान्झिटच्या करवाढीवरच्या 2016 च्या कौलात टॅकोमाच्या पिअर्स काउंटीने बहुमताने नकार दिला, पण तिन्ही काउंटींचे मत एकत्र मोजल्यामुळे कर तिलाही लागू झाला. तो राग इथे अजून आहे आणि मला तो रास्त वाटतो.

पुणे आणि पिंपरी-चिंचवडने 2007 मध्ये बससेवा एकत्र केली, तोट्याची भरपाई दोघी करतात. वाटून घेण्याची ही रीत म्हणजे आपल्याला परकी नाही. पण पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे (पीएमआरडीए) अध्यक्षपद मुख्यमंत्र्यांकडे असते. दोन महापालिका करण्याआधी त्या प्राधिकरणात निर्णायक मते पुणे, पिंपरी-चिंचवड आणि भोवतालच्या गावांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींना द्यावीत, आणि मोठ्या खर्चाचा हिशेब त्यांच्यापुढे मांडावा.