"चुंबकाने जुळतं स्वादुपिंड, ना टाके ना लीक" म्हणे

आमच्या फॅमिली ग्रुपवर मामांनी परवा एक फॉरवर्ड टाकला, दोन दिवसांत तोच सोसायटीच्या आणि शाळेच्या ग्रुपवरपण आला, म्हणून एकदाच लिहून टाकते. मेसेज थोडक्यात असा, की स्वादुपिंडाच्या आणि पित्तनळीच्या कॅन्सरला आता चिरफाड नको, टाके नकोत, दोन चुंबकं ठेवली की नळ्या क्षणात जुळतात, लीक होतच नाही, पेशंट दोन दिवसांत घरी, शोध एकदम नवा आहे आणि डॉक्टर मुद्दाम लपवतात. खाली चुंबकाच्या पट्ट्याची जाहिरात, की चुंबक रक्तातलं लोह ओढून गाठ विरघळवतं आणि अपाय काही नाही, कॅश ऑन डिलिव्हरी. मी सर्जन नाही, ओटीतली सिस्टर आहे, पण व्हिपलच्या, म्हणजे स्वादुपिंडाच्या डोक्याची गाठ काढायच्या मोठ्या ऑपरेशनच्या, ट्रॉलीवर बारा वर्षं धागे मीच मांडतेय. आणि गंमत म्हणजे मेसेजमध्ये एक गोष्ट खरी आहे, चुंबकाने आतल्या नळ्या खरंच जोडतात. बाकीचं बघू.

"चिरफाड नको." अहो, गाठ कोण काढणार मग? व्हिपलमध्ये स्वादुपिंडाचं डोकं, ड्युओडेनम (लहान आतड्याचा पहिला भाग), पित्ताशय, पित्तनळीचा खालचा तुकडा आणि बऱ्याचदा जठराचा थोडा भाग, एवढं बाहेर येतं. तिथे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे आतड्याला तीन जोड द्यायचे, स्वादुपिंडाचा, पित्तनळीचा आणि जठराचा. चुंबकाचा विषय फक्त या दुसऱ्या अर्ध्यात येतो, पहिल्या अर्ध्याशी त्याचा काही संबंध नाही.

"क्षणात जुळतात." हे तर बरोबर उलटं आहे. घरी कुणाला बेडसोर झालेला पाहिला असेल तर लगेच कळेल, सतत दाब पडला की तिथे रक्त पोचत नाही आणि तेवढी जागा मरते. इथे तेच मुद्दाम आणि मोजून करतात. एक चुंबक या बाजूला, एक त्या बाजूला, मधे दोन्हीकडच्या भिंती चेपलेल्या. मधला भाग हळूहळू मरतो, तेवढ्या वेळात कडेकडेने दोन भिंती एकमेकींना चिकटून भरून येतात, मग मेलेला भाग सुटतो, भोक तयार होतं आणि चुंबकं गळून शौचावाटे जातात नाहीतर स्कोपने, म्हणजे दुर्बिणीने, काढतात. आतड्यात याला काही दिवस लागतात, पित्तनळीत तर कित्येकदा आठवडे. आणि पित्त काही थांबून राहत नाही, लिव्हर ते रोज बनवतंच, म्हणून तोपर्यंत त्याला दुसरी वाट करून द्यावी लागते, बऱ्याचदा पोटातून बाहेर काढलेली नळी आणि तिला पिशवी. ही पिशवी मेसेजमध्ये कुठेच नाही.

"लीक होतच नाही." व्हिपलनंतर आमच्याकडे सगळ्यांचा जीव ज्यात अडकलेला असतो ती ड्रेनची, म्हणजे पोटातलं पाणी बाहेर आणणाऱ्या नळीची, बाटली. तिसऱ्या दिवशी त्यातलं पाणी अमायलेजच्या (स्वादुपिंडाच्या रसातलं पाचक द्रव्य) तपासणीला जातं. रक्तातल्या नॉर्मलच्या वरच्या आकड्याच्या तिपटीपेक्षा जास्त आलं तर स्वादुपिंडाचा रस जोडातून झिरपतोय. 2016 च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे नुसता आकडा वाढला आणि पेशंटला त्रास नाही तर त्याला फिस्टुला, म्हणजे खरी गळती, म्हणत नाहीत, उपचार बदलावे लागले तर बी ग्रेड, परत ओटीत न्यावं लागलं किंवा अवयव बंद पडायला लागले तर सी. सगळ्यात भीती मऊ स्वादुपिंडाची, सुई घातली की लोण्यात घातल्यासारखी, धागा जरा जास्त ओढला की चिरत जातो आणि त्यातून येतो तो पचवणारा रस, जो आपलंच मांस पचवायला बघतो. म्हणून सुईच नको, चुंबकाने दाबून जोडू, ही कल्पना सर्जन लोकांना खरंच मोहात पाडते. चीनमध्ये शिआनला यावर बरंच काम झालंय, आधी प्राण्यांवर आणि मग पेशंटवर. पण अडचण बघा ना, चांगल्या स्वादुपिंडातली मुख्य नळी असते दोन-तीन मिलिमीटरची, त्यात पुरेसं जोरदार चुंबक बसवायचं कसं? आणि रस पहिल्या मिनिटापासून वाहतोय तर जोड तयार व्हायला दिवस लागणार. चुंबक लावलं म्हणून लीक शून्य होतं असं कुणी दाखवलेलं नाही. उलट फरक कशाने पडतो ते अमेरिकेत 2002 मध्येच दिसलं होतं, स्वादुपिंडाच्या ऑपरेशननंतर अगदी कमी केसेस करणाऱ्या हॉस्पिटलांत मृत्यू 16.3 टक्के आणि खूप केसेस करणाऱ्यांत 3.8. म्हणजे धागा का चुंबक हे नंतर विचारा, आधी विचारा की तुम्ही वर्षाला किती व्हिपल करता.

"दोन दिवसांत घरी." नाही हो. सगळं सुरळीत झालं तरी आठवडा-दहा दिवस धरा.

"नवा शोध, लपवतात." दाबून जोडायची कल्पना 1826 ची, फ्रान्समध्ये देनां नावाच्या सर्जनने आतड्यासाठी धातूच्या रिंगा वापरल्या होत्या. 1892 मध्ये शिकागोच्या मर्फींनी दोन भागांचं बटण काढलं, ते तर पित्ताशय आतड्याला जोडण्यासाठीच होतं! चुंबकाचं म्हणाल तर जपानच्या यामानोउचींनी 1990 च्या दशकात ते रुळवलं. पित्तनळीत आज त्याची खरी जागा आहे ती म्हणजे लिव्हर ट्रान्सप्लांटनंतर, विशेषतः नातेवाईकाने लिव्हरचा भाग दिलेला असतो तेव्हा (आपल्याकडे बहुतेक ट्रान्सप्लांट असेच होतात), नळीचा जोड कधीकधी पूर्ण बंद होतो आणि वायरसुद्धा पार जात नाही. मग एक चुंबक बरगड्यांमधून लिव्हरमध्ये घातलेल्या नळीच्या वाटेने आणतात, ती वाट आधी 16-18 फ्रेंच म्हणजे पाच-सहा मिलिमीटर रुंद करावी लागते, आणि दुसरं तोंडातून ईआरसीपीने, म्हणजे पित्तनळीपर्यंत नेलेल्या दुर्बिणीने. एक्सरेच्या पडद्यावर दोघं जवळ येतात आणि टक्कन चिकटतात. पण खूप लांब असतील तर ओढच पुरत नाही. आणि चुंबकं निघाल्यावरसुद्धा भोक आकसू नये म्हणून स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी बारीक नळी, काही महिने. कोरियात असे बरेच पेशंट झालेत, सगळं जर्नलमध्ये छापलेलं आहे, कुठे लपवलंय? फसलेलंपण छापतात. जठर आणि आतडं चुंबकाने जोडून मधे स्टेंट टाकायचा युरोपातला एक अभ्यास स्टेंटने भोक पडून पेशंट दगावल्यावर थांबवला, तोही 2010 मध्ये छापून आला.

शेवटचं, "चुंबक नैसर्गिक आहे, रक्तातलं लोह ओढून गाठ विरघळवतं." रक्तातलं लोह हिमोग्लोबिनमध्ये बांधलेलं असतं, ते खिळ्यासारखं ओढलं जात नाही. तसं असतं तर एमआरआयच्या मशीनमध्ये माणूस शिल्लक राहिला नसता. पट्ट्यावर एवढं पुरे.

"अपाय नाही" याबद्दल मात्र मामा, रागावू नका, पण ऐका. लहान मुलं ते छोटे चमकदार चुंबकाचे गोळे गिळतात. एक गेला तर बहुतेक वेळा निघून जातो, पण दोन वेगवेगळ्या वेळी गेले तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना पकडतात आणि वर सांगितलेलं सगळं जसंच्या तसं होतं, फक्त नको तिथे आणि कुणी मोजत नसताना, मग भोकं पडतात आणि पोट उघडावं लागतं. तुमच्या टीव्हीखाली आरवचे ते रंगीत गोळे पडलेले असतात ना, ते आज उचला, आणि मोजून बघा सगळे आहेत का. एक-दोन कमी भरले आणि त्याचं पोट दुखत असेल, उलट्या होत असतील तर वाट बघत बसू नका, थेट एक्सरे असलेल्या हॉस्पिटलमध्ये न्या आणि दारातच सांगा की चुंबक गिळलं असेल.