उपाशी ठेवून पोपट सुधारत नाही: ‘आठ दिवसांच्या उपाया’ला उत्तर

जळगाव, भुसावळ, धुळे भागात पोपट पाळणाऱ्यांच्या मोबाइलवर एक उपाय सतत फिरतो. मजकूर थोडक्यात असा: ‘दुसऱ्याच्या घरून आलेला पोपट चावत-ओरडत असेल तर दोन दिवस उपाशी ठेवा, पिंजऱ्यावर काळं कापड टाका. चावला की चोचीवर टिचकी मारा, ओरडला की पाणी उडवा, पंख कापा. आठ दिवसांत हातावर येतो.’ यातली जवळपास प्रत्येक सूचना पक्ष्याला धोक्याची आहे आणि चावणं वाढवणारी आहे.

आधी कायद्याचं. गळ्यात कंठी असलेला आपला हिरवा पोपट किंवा खांद्यावर लाल पट्टा असलेला मोठा पहाडी पोपट घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे, मग तो कुणी ‘सांभाळा’ म्हणून का दिलेला असेना. असा पक्षी वनविभागाकडे द्या. पुढचं सगळं कॉकटील, लव्हबर्ड, सन कोन्युर, आफ्रिकन ग्रे अशा परदेशी जातींबद्दल आहे. त्यातही सन कोन्युर आणि आफ्रिकन ग्रे यांची केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या वेबसाइटवर नोंद लागते. पक्षी घेतानाच जुन्या मालकाकडून नोंदीचे कागद मागून घ्या.

‘दोन दिवस उपाशी ठेवा.’

हे सगळ्यात घातक. कॉकटीलचं वजन साधारण ८० ते १०० ग्रॅम, सन कोन्युरचं १०० ते १२० ग्रॅम. एवढ्याशा देहात साठा फारसा नसतो. शिवाय घर बदललेला पक्षी भीतीने आधीच कमी खात असतो, आणि वर्षानुवर्षं नुसत्या सूर्यफुलावर वाढलेल्या पक्ष्याचं यकृत बऱ्याचदा चरबीने बिघडलेलं असतं. अशा पक्ष्याला उपास घडवला तर तो माणसाळण्याआधी आजारी पडतो.

एक ग्रॅमपर्यंत मोजणारा किचनचा काटा घ्या. रोज सकाळी, पहिली विष्ठा झाल्यावर आणि खाणं देण्याआधी वजन करून वहीत लिहा. काट्यावर चढायला घाबरत असेल तर काट्यावर छोटी दांडी बसवा आणि तिथेच आवडीचा दाणा द्या. पहिल्या वजनापेक्षा १० टक्के घट दिसली, म्हणजे ११० ग्रॅमचा पक्षी ९९ वर आला, तर त्याच दिवशी पक्ष्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यकाला गाठा. विष्ठा अगदी थोडी आणि गडद हिरवी होत असेल तर तो खात नाहीये, वाटीत टरफलं कितीही दिसोत.

भुकेचा उपयोग करायचाच असेल तर नैसर्गिक भूक पुरते. रात्रभराच्या झोपेनंतर, सकाळची वाटी ठेवण्याआधीची पाच मिनिटं शिकवायला सर्वांत चांगली. वाटीतून सूर्यफूल काढा आणि ते फक्त बक्षीस म्हणून हातात ठेवा. बाकी खाणं मात्र भरपूर असू द्या. पहिले दोन आठवडे जुन्या घरचंच खाणं चालू ठेवून मग हळूहळू दादर (ज्वारी), बाजरीचं कणीस, मेथी, शेवग्याचा पाला, गाजर वाढवत न्या. केळी आपल्याकडे घरोघरी असतात, पण साखर जास्त, म्हणून नखाएवढी फोड पुरे. साठवणीतले कच्चे शेंगदाणे देऊ नका, त्यांच्यावरच्या बुरशीचं विष यकृताला मारक असतं.

‘चावला की टिचकी मारा.’

पोपट चावतो कारण चावल्याने काम होतं: हात मागे जातो. जुन्या घरी त्याने आधी इशारे दिलेले असतात. पिसं अंगाला घट्ट चिकटवणं, शरीर मागे झुकवणं, डोळ्यांच्या बाहुल्या भराभर लहानमोठ्या करणं, शेपटी पसरणं, चोच उघडणं. ते कुणी मानले नाहीत, म्हणून तो थेट चाव्यावर आला. टिचकी मारली की तो हे उरलेसुरले इशारेही देणं बंद करतो, आणि चोच म्हणजे मार हेही शिकतो. चोच तर त्याचा तिसरा पाय आहे. बोटावर चढण्याआधी तो ती टेकवून आधार पक्का आहे का बघतो. त्याला चावा समजून हात झटकला की खरा चावा तिथून सुरू होतो.

याऐवजी काडीला चोच लावायला शिकवा. बांबूची साधी काडी, वीतभर लांब, बिनरंगाची. सुरुवातीला काडीही नको. पिंजऱ्याजवळून जाताना वाटीत एक दाणा टाकायचा आणि न थांबता पुढे जायचं. तुम्हाला बघून तो वाटीकडे यायला लागला की काडी जाळीतून चोचीपासून दोन-तीन इंचांवर धरा. चोच लागली त्याच क्षणी ‘हो’ म्हणा आणि सेकंदाभरात बक्षीस द्या. बक्षीस म्हणजे सूर्यफुलाचा अर्धा दाणा. अख्खे दिले तर पाच-सहातच त्याचा रस संपतो. एका वेळी पाच-सहा स्पर्श, तीन मिनिटं, दिवसातून दोनदा. मग काडीमागे एक पाऊल, दोन पावलं, दांडीच्या टोकापर्यंत. नंतर दार उघडून तेच. मग हातात धरलेल्या सुट्या दांडीवर काडीने बोलवा: कॉकटीलला अर्धा इंच जाडीची, कोन्युरला पाऊण, ग्रेला इंचभर. हात सगळ्यात शेवटी. पोटाला बोट दाबून ‘चढ’ म्हणू नका, तो स्वतःहून पाय उचलेपर्यंत थांबा.

बिघडतं ते इथे: तो मागे झुकला तरी आपण काडी पुढे नेतो. झुकला की तिथेच थांबा आणि आदल्या पायरीवर या. चावलाच तर ओरडू नका, झटकू नका, शांतपणे त्याला टेबलावर उतरवा. आणि घरात एकाने शिकवायचं नि दुसऱ्याने बोट घालून खिजवायचं, हे चाललं तर काहीही टिकणार नाही.

‘काळं कापड टाका.’

रात्री १० ते १२ तास अंधार आणि शांतता हवीच. झोप अपुरी राहिली की पक्षी चिडका होतो. पण दिवसा शिक्षा म्हणून झाकण्याने तो काहीच शिकत नाही. आणि मे महिन्यात, पारा ४४-४५ वर असताना, पत्र्याच्या घरात जाड कापडाखाली पिंजरा म्हणजे भट्टी. चोच उघडी ठेवून धापा आणि पंख अंगापासून दूर धरलेले दिसले की लगेच गार जागी न्या, पाय ओले करा. कुलरचा झोत थेट अंगावर नको.

‘ओरडला की पाणी उडवा.’

पाणी त्याच्या अंघोळीचं आहे, त्याची भीती बसली की पिसांची निगा बिघडते. सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ ओरडणं ही त्याची हाकाटी आहे, ती बंद होणार नाही. माणूस दिसेनासा झाल्यावरचं ओरडणं बदलता येतं. एक शीळ ठरवा. त्याने शीळ किंवा कुठलाही मऊ आवाज काढला की लगेच उत्तर द्या, किंचाळला की खोलीत जाऊ नका. पहिले काही दिवस किंचाळणं वाढतं, कारण जुना उपाय चालेनासा झालेला असतो. तेव्हाच कुणी कंटाळून धावत गेलं तर तो आणखी जोरात ओरडायला शिकतो. सोबत चोचीला काम द्या: केळीचं वाळलेलं पान, कागदात गुंडाळलेलं कणीस. फांद्या पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या वापरा. पऱ्हाट्या नकोत, कपाशीवर फवारण्या झालेल्या असतात.

‘पंख कापा.’

उडून जाता येत नाही, तेव्हा चावणं एवढाच मार्ग उरतो. एकाच बाजूचे पंख कापले तर तो छातीवर आपटतो. त्याऐवजी बाहेर काढताना छताचा पंखा बंद, खिडकीला जाळी, आणि स्वयंपाकघरात फोडणी किंवा नॉनस्टिक तवा नको. तापलेल्या नॉनस्टिकचा धूर पोपटाचा जीव घेतो.

‘आठ दिवसांत हातावर येतो.’

काही कोन्युर पंधरवड्यात येतात, काही ग्रे सहा महिने घेतात. पाठीवर आणि पंखांखाली कुरवाळू नका, त्याने विणीची भावना जागते आणि तो माणसावर हक्क सांगत चावतो. डोकं आणि मान पुरे. पिसं उपटत असेल तर शिकवण थांबवून आधी तपासणी. आणि पक्षी आणायच्या दिवशीच जुन्या घराला विचारून घ्या: काय खायचा, कधी झोपायचा, कुणाला चावायचा, बोलवायला कुठला शब्द होता. तिथे अहिराणीत ‘आठे ये’ (इथे ये) म्हणत असतील तर तुम्हीही तेच म्हणा.