रिकाम्या खिशानं प्रचुआप

थायलंडला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, काय काय केलंत? उत्तर तिकिटांच्या क्रमानं येतं. कोरल आयलंडची स्पीडबोट, पॅरासेलिंग, सफारी वर्ल्ड, रात्रीची रिव्हर क्रूझ बुफेसकट. मी कुणाला नावं ठेवत नाही. पॅकेज घेतलं की सकाळी बस दारात उभी असते आणि तिच्यात बसावंच लागतं. पण मला मनापासून वाटतं, की थायलंडच्या समुद्राकाठी जे सगळ्यात सुंदर आहे ते तिथल्या लोकांनी स्वतःसाठी ठेवलंय, आणि त्याला तिकीट नाही. ते बघायचं तर जिथे थाई माणसं राहतात, नोकरीला जातात, पोरांना शाळेत सोडतात अशा एखाद्या गावात मुक्काम करायला हवा. माझ्यासाठी ते गाव म्हणजे प्रचुआप खिरी खान.

बँकॉकच्या दक्षिणेला, रेल्वेनं सुमारे 300 किलोमीटर. हुआ हिन बऱ्याच जणांना माहीत असतं, तिथे अर्धी गाडी उतरते. तसंच पुढे बसून राहायचं. प्रचुआप जिल्ह्याचं ठिकाण आहे, पण आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढंच वाटतं. स्टेशनातून बाहेर पडून सरळ चालत सुटलं की दहा-पंधरा मिनिटांत समोर समुद्र. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि डोंगरापलीकडे म्यानमार. थायलंडचा सगळ्यात अरुंद पट्टा याच जिल्ह्यात आहे, तिथे समुद्रापासून सीमा जेमतेम बारा-एक किलोमीटरवर.

पैशाचं आधी स्पष्ट बोलते. विमान, खोली, जेवण याला पैसे लागतातच, तेही काही कमी नाहीत. मी बोलतेय ते तिथे पोचल्यानंतरचं. सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री परत खोलीवर येईपर्यंत खिशात हात घालायचं कारण पडू नये, असा दिवस या गावात घालवता येतो. आणि तो वेळ काढल्यासारखा दिवस नसतो, पुरेपूर भरलेला असतो. पाण्याची बाटलीसुद्धा विकत घ्यावी लागत नाही, फार तर एक नाणं लागतं. गल्लीच्या तोंडाशी फिल्टरच्या पाण्याची मशीन असतात, एका बाटच्या (बाट म्हणजे थायलंडचं चलन) नाण्यात साधारण लिटरभर पाणी येतं. आपली बाटली लावायची आणि भरून घ्यायची.

मी आईला घेऊन गेले होते. आई जन्मापासून कोकणातली, तिचं माहेर विजयदुर्गाजवळ. समुद्र तिला नवा नव्हे. पण आमचा समुद्र सूर्य गिळणारा. इथे तो समुद्रातून वर येतो, आणि त्यासाठी आई रोज अंधारात उठून तयार असायची. किनाऱ्याला लागून रुंद फरसबंदी रस्ता आहे, त्याला कमरेएवढी भिंत. त्या वेळेला तिथे गावातली म्हातारी मंडळी चालायला आलेली असतात. भगव्या वस्त्रातले भिक्खू अनवाणी भिक्षेला निघतात, आणि घराबाहेर एखादी बाई भाताचं भांडं घेऊन गुडघ्यावर बसलेली असते. हे बघायला उभं राहिलं तरी चालतं, फक्त वाटेतून बाजूला व्हावं आणि भिक्खूंच्या तोंडासमोर मोबाईल धरू नये.

संध्याकाळी तोच रस्ता वेगळा होतो. व्यायामाची यंत्रं आहेत, त्यांच्यावर आजीपासून नातवापर्यंत सगळे. स्पीकर लावून एरोबिक्स चालतं, कुणीही मागच्या रांगेत जाऊन उभं राहावं. सहा वाजता राष्ट्रगीत लागतं आणि सार्वजनिक जागी असलेली माणसं आहेत तिथे थांबतात. गीत संपलं की पुन्हा सुरू. आम्हीही थांबायचो.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते रात्रीच्या जेटीबद्दल. गावासमोर समुद्रात आत गेलेली लांब काँक्रीटची जेटी आहे. काळोख पडला की तिथे माणसं जमतात, बादली, बॅटरी आणि गळ घेऊन. गळ आपल्यासारखा वाकडा आकडा नसतो. कोळंबीच्या आकाराचा रंगीत तुकडा, काळोखात हिरवा चमकणारा, आणि त्याच्या शेपटीला आकड्यांचा गोल झुबका. आमिष लावायची गरजच नाही. तो पाण्यात सोडायचा, मनगटानं हलकेच वर झटका द्यायचा, थांबायचं, पुन्हा झटका. आमच्या शेजारचे एक काका असेच बराच वेळ झटके देत होते, आणि एकदम दोरी ताठ झाली. वर आलं ते बघून आई ओरडलीच, "अगो, म्हाकूल गावला तेका!" त्या म्हाकुलानं, म्हणजे स्क्विडनं, जेटीवर येताच काळी शाई उडवली. मग काकांनी ते बॅटरीच्या उजेडात आईसमोर धरलं. अंगावर तपकिरी ठिपके क्षणात दाट होत होते, क्षणात पुसले जात होते, जणू कातडीखाली कुणी दिवे लावतंय आणि मालवतंय. आईनं आयुष्यभर म्हाकुलं साफ केली, पण ती बाजारातली, मेलेली, पांढरी पडलेली. जिवंत म्हाकुलाचा रंग तिनं तिथे पहिल्यांदा बघितला. काकांना मराठी येत नव्हतं, आईला थाई. पण गळाला झटका कसा द्यायचा ते त्यांनी तिचं मनगट न धरता, नुसतं स्वतःचं हलवून शिकवलं, आणि गळ तिच्या हातात दिला. तिच्या गळाला काही लागलं नाही. तरी ती तासभर उभी होती. दूर क्षितिजावर म्हाकुलाच्या होड्यांचे हिरवे दिवे ओळीनं लागलेले, इतके प्रखर की ढगांना खालून हिरवी झाक आलेली. ही रात्र कुठल्याही क्रूझच्या काउंटरवर मिळणार नाही.

गावाच्या दक्षिणेला आओ मनाओ म्हणून दुसरी खाडी आहे. ती थाई हवाई दलाच्या विंग 5 या तळाच्या आत आहे. ऐकून दडपण येतं, पण सामान्य माणसाला खुशाल जाऊ देतात. फाटकावर नाव लिहायचं, पासपोर्ट जवळ असलेला बरा. वाट चक्क धावपट्टी ओलांडून जाते. विमान यायचं असेल तर थांबवतात. पलीकडे सुरूचं बन, चंद्रकोरीसारखा किनारा, आणि कितीतरी आतपर्यंत कमरेच्या वर न जाणारं शांत पाणी. छत्र्या-खुर्च्या भाड्यानं मिळतात, पण थाई कुटुंबं सुरूखाली चटई पसरून, घरचा डबा उघडून बसलेली असतात. आम्हीही चादर पसरली. आणि एक गोष्ट बायकांसाठी मुद्दाम सांगते. तिथली माणसं टीशर्ट-पँट घालूनच पाण्यात उतरतात. आई पंजाबी ड्रेसवर निवांत डुंबली, कुणी वळून बघितलं नाही.

याच तळावर 8 डिसेंबर 1941 ला जपानी सैन्य उतरलं होतं. इथल्या हवाई दलाच्या लोकांनी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झुंज दिली, सरकारनं शस्त्रं खाली ठेवायचा निर्णय घेतल्यावरही, कारण तो निरोप त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागला. त्यांचं स्मारक किनाऱ्याच्या वाटेवर आहे. पोहायला जाताना दोन मिनिटं तिथे थांबावं असं मला वाटतं.

खाडीच्या टोकाला लोम मुआक नावाचा चुनखडीचा कडा आहे, आणि त्याच्या पायथ्याच्या झाडांत चष्मेवाले वानर राहतात. राखाडी अंग, डोळ्यांभोवती पांढरी गोल कडी, आणि पिल्लं मात्र भगव्या-पिवळ्या रंगाची, आईच्या पोटाला संत्रं चिकटवल्यासारखी. स्वभावानं अगदी गरीब. शेंगदाणे घेऊन लोक त्यांना खाऊ घालतात. कृपा करून तुम्ही घालू नका. त्यांचं पोट झाडपाल्यावरचं आहे. नुसतं बसलात तरी ते जवळ येतात.

गावातल्या चोंग क्राचोक टेकडीवरची माकडं वेगळी, लांब शेपटीची आणि भुरटी. हातातली पिशवी गेलीच म्हणून समजा. पायऱ्या चारशेच्या आसपास आहेत. वर देऊळ, आणि वरून आओ नोई, प्रचुआप आणि आओ मनाओ या तिन्ही खाड्या एका नजरेत. सकाळी लवकर चढा, एवढंच. उत्तरेच्या आओ नोई गावाजवळ सागवानाचं सुरेख बुद्धमंदिर आणि डोंगराच्या गुहेत निजलेला बुद्ध आहे. त्यालाही तिकीट नाही, दानपेटी आहे.

आता वा को या जागेबद्दल. हे मी घरून ठरवून गेले होते. 18 ऑगस्ट 1868 चं खग्रास सूर्यग्रहण आपल्याकडे विजयदुर्गामुळे माहीत आहे. किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' दाखवतात, तिथे इंग्रजांनी दुर्बिणी लावल्या होत्या असं सांगतात, आणि हेलियम वायूच्या शोधाची आठवण म्हणून दरवर्षी त्या तारखेला हेलियम दिन साजरा होतो. आईनं ते कट्टे लहानपणापासून बघितलेले. त्या दिवशीची चंद्राची सावली कोकणातून पूर्वेला गेली, विजापूर, गुंटूर, मछलीपट्टणमवरून बंगालचा उपसागर ओलांडून सयामला, म्हणजे तेव्हाच्या थायलंडला पोचली, आणि प्रचुआपच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर असलेल्या वा कोच्या किनाऱ्यावरून गेली. सयामचे राजे मोंगकुट यांनी या ग्रहणाचं गणित स्वतः मांडलं होतं. त्यांनी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञांना आणि सिंगापूरच्या इंग्रज गव्हर्नरला तिथे बोलावलं. खग्रास स्थिती तिथे पावणेसात मिनिटांच्या आसपास टिकली. पण दलदलीच्या त्या जागी राजांना मलेरिया झाला आणि 1 ऑक्टोबरला ते वारले. थायलंड 18 ऑगस्टला राष्ट्रीय विज्ञान दिन पाळतो तो राजांच्या या ग्रहणाच्या आठवणीसाठी. तिथे आता विज्ञान उद्यान आहे, मत्स्यालयाला तिकीट आहे, आम्ही किनाऱ्यावरच बसलो. आई म्हणाली, "म्हणजे आमच्याकडून निघालेला काळोख इथे आला." एका ग्रहणाची दोन टोकं आम्हा मायलेकींना पायाखाली मिळाली, आणि त्यासाठी मी एक बाटही मोजला नाही.

सगळंच फुकट आहे असं सांगणार नाही. याच जिल्ह्यात खाओ साम रोई योट राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे गुहेत 1890 साली राजे चुलालोंगकोर्न यांच्यासाठी उभारलेला मंडप आहे. परदेशी माणसाला 200 बाट पडतात, थाई माणसाला त्याहून खूप कमी. मला यात काही गैर वाटत नाही. ते उद्यान त्यांचं आहे.

मावसभाऊ मला म्हणाला, "ताई, एवढं विमानाचं तिकीट काढून नुसतं बसायला गेलीस?" हो. बसायला गेले, कारण बसायला जागा होती. मला हाच मुद्दा महत्त्वाचा वाटतो. फुकटचा आनंद आपोआप तयार होत नाही. थायलंडच्या नागरी कायद्याच्या कलम 1304 नुसार किनारा हा सगळ्यांच्या वापराची सरकारी जमीन आहे. पण नुसत्या कायद्यानं भागत नाही. फुकेतसारख्या ठिकाणी किनारा सगळ्यांचा आणि तिथे जायची वाट मात्र हॉटेलच्या आवारातून, यावरून भांडणं होतात. प्रचुआपमध्ये कुणीतरी तो रस्ता झाडतं, बाकं दुरुस्त करतं, जेटीवरचे दिवे चालू ठेवतं, संडासात पाणी असेल हे बघतं. म्हणून ज्याच्या खिशात काही नाही तो गावातला मजूरही संध्याकाळी बायकापोरांना घेऊन तिथे येतो आणि राजासारखा बसतो. त्याच्या शेजारी आम्हाला जागा मिळाली. पाहुणा म्हणून यापेक्षा जास्त काय हवं?

आणि जिथे पैसे द्यायचे तिथे हात आखडू नका. आठवड्याच्या शेवटी किनाऱ्यावर बाजार भरतो. भाजलेलं म्हाकूल विकणाऱ्या बाईशी दहा बाटसाठी घासाघीस करणारे आपलेच लोक मी बघितले, फार वाईट वाटलं.

आमच्या देवगडच्या बाजूला दर वर्षी पर्यटन वाढवायच्या चर्चा होतात आणि त्यात जेटस्की, झिपलाइन, प्रवेश शुल्क हेच ऐकू येतं. माझी मागणी साधी आहे. किनाऱ्यालगत सावलीतली बाकं, रात्री लागणारे दिवे, पाणी असलेलं स्वच्छतागृह, आणि म्हाताऱ्या माणसाला धरून उतरता येईल अशा वाळूपर्यंतच्या पायऱ्या. सगळ्यांना, तिकिटाशिवाय. येत्या ग्रामसभेत हे लेखी देणार आहे. आमच्या गावचे जे कुणी हे वाचत असतील त्यांनी त्या दिवशी यावं, सह्या लागतील.