‘लेड’चा सुळसुळाट

गेल्या आठवड्यात माझा एक इंग्रजी मजकूर तपासून परत आला. कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या फायलींबद्दल मी ‘हॅड लेन’ (had lain), म्हणजे ‘पडून होत्या’, असे लिहिले होते. त्यातले ‘लेन’ लाल रेघेने खोडून वर ठसठशीत ‘लेड’ (laid) लिहिलेले होते आणि शेजारी समासात ‘व्याकरण सुधारले’ असा शेरा होता. मी ते पुन्हा ‘लेन’ केले, सोबत कारणही लिहून पाठवले, तरीही अंतिम प्रतीत ‘लेड’च छापून आले, आणि तेही माझ्या नावाखाली. चूक कोणाच्याही हातून होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बरोबर लिहिलेले खोडायचे, चुकीचे घुसवायचे आणि त्याला सुधारणा म्हणायचे, हे मला अजिबात सहन होत नाही.

वास्तविक नियम दोन ओळींचा आहे. स्वतः आडवे होणे किंवा एखादी वस्तू नुसती पडून असणे म्हणजे ‘लाय’, त्याची रूपे लाय, ले, लेन (lie, lay, lain). दुसरे काही तरी उचलून ठेवणे, अंथरणे किंवा अंडी घालणे म्हणजे ‘ले’, त्याची रूपे ले, लेड, लेड (lay, laid, laid). पहिले क्रियापद अकर्मक आणि दुसरे सकर्मक. खोटे बोलण्याचे ‘लाय’ तिसरेच, त्याचा भूतकाळ सरळ ‘लाइड’ होतो. त्यामुळे पलंगावर आडव्या झालेल्या माणसाला ‘लाइड’ लावले की तो तिथे खोटे बोलला असा अर्थ निघतो.

मराठी माणसाने इथे चुकावे, याची मला सर्वांत जास्त चीड येते. कारण भूतकाळात सकर्मक-अकर्मक हा भेद आपण दिवसभर, न अडखळता पाळत असतो. ‘तो निजला’ पण ‘त्याने पुस्तक ठेवले’. एकीकडे कर्तरी, दुसरीकडे कर्मणी. ‘त्याने निजला’ असे कोणी म्हटले तर लहान मूलही ते दुरुस्त करील. ‘मी पलंगावर ठेवले’ एवढेच म्हणून कोणी थांबला, तर ऐकणारा ‘काय ठेवले?’ असे विचारल्याशिवाय राहणार नाही, आणि ‘आय लेड ऑन द बेड’ हे वाक्य नेमके तेवढेच सांगते. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, चढणे-चढवणे या जोड्या तर आपल्या रक्तात आहेत. इंग्रजीतली ‘लाय’ आणि ‘ले’ ही जोडीही मुळात तशीच, साधा धातू आणि त्याचे प्रयोजक रूप अशी आहे. ‘सिट’-‘सेट’ आणि ‘फॉल’-‘फेल’ (fell, म्हणजे झाड तोडून पाडणे) या जोड्याही त्याच घडणीच्या आहेत. जर्मन भाषेत हीच जोडी ‘लीगेन’ आणि ‘लेगेन’ अशी आजही स्वच्छ वेगळी आहे. मग शाळेत ही रूपे तक्त्यातून घोकून घेताना ‘हे आपल्या पडणे-पाडणेसारखे आहे’ एवढे एक वाक्य का सांगितले जात नाही?

एक अडचण खरी आहे आणि ती मला मान्य आहे. पहिल्या क्रियापदाचा भूतकाळ आणि दुसऱ्याचा वर्तमानकाळ, दोन्ही ‘ले’च. त्यामुळे ‘ले’ दिसला की वाचणाऱ्याला तो वर्तमानकाळ वाटतो आणि भूतकाळ करायचा म्हणून तो शेवटी ‘डी’ जोडतो. इंग्रजी मातृभाषा असलेली माणसेही शेकडो वर्षे इथे घसरत आली आहेत. पण बोलताना घसरणे वेगळे आणि मजकूर तपासण्याचे काम अंगावर घेऊन शब्दकोश न उघडणे वेगळे. स्पेलिंग तपासणाऱ्या सोयीचाही इथे भरवसा धरता येत नाही, कारण ‘ले’, ‘लेड’, ‘लेन’ आणि ‘लाइड’ हे चारही शब्द शब्दकोशात आहेत. चूक आहे ती निवडीची, आणि निवड माणसालाच करावी लागते.

‘अर्थ कळला ना, मग झाले’ हे उत्तर मला तोंडावर ऐकवण्यात आले. अर्थच पुरेसा होता, तर माझ्या ‘लेन’चाही अर्थ कळत होता, मग त्यावर लाल रेघ कशासाठी ओढली? दुरुस्तीची मागणी मी काल पुन्हा लेखी पाठवली आहे, शब्दकोशातल्या त्या नोंदीच्या छायाचित्रासह, आणि ते ‘लेड’ तिथून निघेपर्यंत पाठवत राहणार आहे.