कॉर्नवॉलिस आणि मराठ्यांच्या छावणीतला बाजार

लॉर्ड कॉर्नवॉलिस म्हटलं की शाळेतली कायमधारा पद्धत आठवते, फार तर अमेरिकेतल्या यॉर्कटाउनची त्याची शरणागती. मला मात्र कंपनीचा हा गव्हर्नर-जनरल आठवतो मे १७९१ मधला, श्रीरंगपट्टणहून माघारी फिरलेला.

बंगळूर घेऊन तो टिपूच्या राजधानीवर चालून गेला. १५ मेला अरिकेरेची लढाई जिंकलीही. पण दाणागोटा संपला होता, पाऊस लागला होता, तोफा ओढणारे बैल पटापट मरत होते. शेवटी वेढ्याच्या अवजड तोफा त्याने आपल्याच हाताने निकामी केल्या. परतीच्या वाटेवर घोडेस्वार दिसले तेव्हा इंग्रजांना वाटलं, टिपूचेच आले. निघाले मराठे! हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजा. टिपूच्या स्वारांनी मधल्या मधे जासूद अडवल्यामुळे त्या इतक्या जवळ आल्याचा पत्ताच नव्हता.

त्या फौजेबरोबरच्या बाजाराचं वर्णन इंग्रजांनीच लिहून ठेवलंय. विलायती बनात (जाड लोकरी कापड), बर्मिंगहॅमचे चाकू, काश्मिरी शाली, त्यांच्या शेजारीच कुणाचे तरी वापरलेले जुने कपडे. बैल, मेंढ्या, कोंबड्या. आणि चक्क सराफ, नाणी मोडून द्यायला बसलेले. भाव चढे होते, पण माल होता. कंपनीच्या उपाशी पलटणी त्या बाजारावर तगल्या. पुढच्या वर्षी टिपूने अर्धं राज्य आणि तीन कोटी तीस लाख रुपये कबूल केले, दोन मुलं ओलीस दिली, त्या यशात या बाजाराचाही वाटा आहे असं मी मानतो.

आणि १७९३ मध्ये याच माणसाने कंपनीच्या कारभारातल्या वरच्या सगळ्या जागा फक्त गोऱ्यांसाठी राखून टाकल्या. का? तर या देशातली माणसं लाचखाऊच, असं त्याचं ठाम मत. कंपनीचे गोरे नोकरही तेव्हा लाच खातच होते की! पण त्यांच्यावर त्याने उपाय शोधला: पगार वाढवा. कलेक्टरला महिना दीड हजार रुपये, वर वसुलीवर टक्का. आपल्या माणसाला हे औषध का नाही?

'त्या काळचे लोकच तसे' हे उत्तर मला अजिबात पटत नाही. हा माणूस काळाच्या पुढे जाऊ शकत होता. अमेरिकी वसाहतींसाठी वाटेल तो कायदा करायचा पार्लमेंटचा हक्क १७६६ मध्ये ठासून सांगितला गेला, तेव्हा लॉर्डांच्या सभागृहात विरोधात अवघी पाच मतं पडली. त्यातलं एक सत्तावीस वर्षांच्या कॉर्नवॉलिसचं. (पुढे त्याच वसाहतींशी लढायला तो गेला, हे मला आजही खुपतं.) आयर्लंडमध्ये कॅथलिकांना हक्क द्यायला राजा तयार होईना, तेव्हा १८०१ मध्ये त्याने तिथलं व्हाइसरॉयपद सोडलं. स्वतः त्याने लाच घेतली नाही, हेही मी मनापासून मान्य करतो. म्हणूनच त्याच्याकडून अपेक्षा होती. परक्यांवरचा अन्याय ज्याला दोनदा दिसला, त्याला तो इथे दिसला नाही.

त्याच्या १७९३ च्या नियमांत बंगालमधल्या देशी माणसाला न्यायाधीश होता येत नव्हतं. त्याच्यासाठी होती मुन्सफी, म्हणजे किरकोळ दाव्यांचा निवाडा करण्याचं काम. तीही पन्नास रुपयांपर्यंतच्या दाव्यांची.