टोपलीभर संशयित

जंगलात अळंबी सापडणं मुळीच अवघड नाही. चार दिवस पाऊस लागून मध्ये जरा उघडीप मिळाली की ती स्वतः होऊन पायाखाली येते. अवघड असतं ते ‘ही कोण?’ याचं उत्तर देणं. आमच्या गटात ते प्रत्येकाकडे होतं. नव्हतं फक्त मार्गदर्शक म्हणून आलेल्या मॅडमकडे. त्यांचा उभा जन्म कवकांच्या अभ्यासात गेलेला, त्यामुळे कुठलीही अळंबी नाकासमोर धरली तरी त्या “असू शकेल” याच्यापुढे जात नसत.

माझा मेव्हणा याच्या अगदी उलट. त्याने या सहलीसाठी खास सुरी घेतली होती. तिच्या मागच्या टोकाला माती झटकायला छोटा ब्रश होता. पहिली अळंबी दिसताच त्याने ती झोकात बुंध्यापाशी कापली आणि जाहीर केलं, “खायची आहे. गोगलगाईने कुरतडलीय बघा. विषारी असती तर तिने तोंड लावलं असतं का?”

“डेथ कॅपसुद्धा गोगलगाई आवडीने खातात,” मॅडम म्हणाल्या. “त्यांना काही होत नाही.”

गोगलगाय नि पोटात पाय हे लहानपणापासून ऐकत आलो होतो. तिच्या पोटात एवढं विष मावतं हे नवीन होतं. मेव्हण्याच्या पोतडीत अजून कसोट्या होत्याच. टोपीची साल सहज निघाली तर ती खाण्याजोगी. (डेथ कॅपची छान निघते.) शिजवताना चांदीचं नाणं टाकावं, काळं पडलं तर विषारी. (डेथ कॅपमध्ये नाणं लख्ख राहतं.) प्रत्येक कसोटीत पहिल्या वर्गात पास होणारी ही एकच अळंबी, आणि जगभरात अळंबी खाऊन होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुतेक तिच्याच खात्यावर जमा आहेत.

मॅडमचा खरा राग सुरीवर होता. अळंबी कापायची नाही, खालची माती सैल करून अख्खी उचलायची, कारण या धंद्यातला सगळ्यात मोठा पुरावा जमिनीखाली दडलेला असतो. डेथ कॅप ज्यात मोडते त्या अमानिटा घराण्यातल्या अनेक जणी लहानपणी एका पांढऱ्या पिशवीत असतात. मोठ्या झाल्या की पिशवी फाटते आणि तिचा खालचा भाग दांड्याच्या तळाशी वाटीसारखा उरतो. वरून कापलं की ती वाटी मातीतच राहते, आणि आपल्या हातात येते एक देखणी, निरागस, बिनपिशवीची अळंबी.

मग नोंदवहीचा जाच सुरू झाला. अळंबी मातीत होती की लाकडावर? एकटी की घोळक्यात? शेजारी झाड कुठलं? हा शेवटचा प्रश्न कागदावर साधा दिसतो. अनेक अळंब्यांचं ठरावीक झाडांच्या मुळांशी साटंलोटं असतं, तेव्हा अळंबी ओळखायची तर आधी झाड ओळखायला हवं. झाड ओळखायला पान हवं. पान मिळालं, त्यावर बराच वाद झाला, आणि मग लक्षात आलं की ते वाऱ्याने पलीकडच्या झाडावरून आलं होतं.

त्यानंतर वास. अळंबीशास्त्रात वासाला फार मान आहे. कुणाला बडीशेपेचा वास येतो, कुणाला कच्च्या बटाट्याचा, कुणाला मुळ्याचा, कुणाला पिठाचा, कुणाला ब्लीचिंग पावडरचा. आमच्या गटात एकच अळंबी नाकानाकांतून फिरली आणि हे पाचही वास तिला एकाच फेरीत मिळाले. मला मातीचा आला, पण ते बोलायची हिंमत झाली नाही. बायको तेवढी लांब उभी राहून विचारत होती, “नुसता हात लावून काही होत नाही ना?” होत नाही. विषारी अळंबीसुद्धा पोटात गेल्याशिवाय काही करत नाही. हे मॅडमनी सांगितल्यावरही तिने माझ्याकडून पाण्याची बाटली घेतली नाही.

अॅपचंही सांगतो. गटातल्या एका तरुणाने फोन पुढे करून अळंबीचा फोटो काढला. अॅपने छातीठोकपणे लॅटिन नाव सांगितलं. त्याने फोन जरा तिरका धरला, तर दुसरं नाव आलं, तेही तितकंच छातीठोक. मग चुकून कॅमेरा मेव्हण्याच्या टोपीवर गेला. अॅप तेव्हाही गप्प बसलं नाही.

दुपारी एका ओंडक्यापाशी गुबगुबीत बोलेट सापडली. हिच्या टोपीखाली पट्ट्या नसतात, स्पंजासारखी बारीक छिद्रं असतात. मॅडमनी ती उभी चिरली. आतला गर पिवळाधमक होता. आम्ही बघता बघता कापाच्या कडेने निळी झाक उमटली, ती आत सरकली आणि काही क्षणांत अर्धी अळंबी शाईत बुडवल्यागत गर्द निळी झाली. मेव्हणा दोन पावलं मागे सरला. “विष!”

“हवा,” मॅडम म्हणाल्या. गरातल्या द्रव्याचा प्राणवायूशी संबंध आला की हा रंग येतो. निळ्या पडणाऱ्या काही जणी लोक चवीने खातात, काही जणी त्रास देतात. म्हणजे एवढा डोळ्यांदेखत घडलेला चमत्कार, आणि त्याचा निष्कर्ष काय? काहीच नाही.

मेव्हण्याचा आत्मविश्वास मात्र परत यायला वेळ लागत नाही. पुढच्याच वळणावर त्याला पाचोळ्यात पांढराशुभ्र, लिंबाएवढा गोळा मिळाला. “पफबॉल! आतून पांढरा असला की बिनधास्त खायचा. मी वाचलंय.” त्याने खरंच वाचलं होतं, पण पुढचं वाक्य सोडून. मॅडमनी तो गोळा वरून खाली बरोबर मधोमध चिरला. दोन्ही फाकी पांढऱ्याच निघाल्या. त्यांनी माझ्या हातात भिंग दिलं. त्या पांढऱ्यावर पांढऱ्यात एक अख्खी छत्री बसली होती: इवलीशी टोपी, टोपीखाली पट्ट्यांची नाजूक रेघ, मधे आखूड दांडा. खऱ्या पफबॉलचा गर सलग असतो, आत कुणी बसलेलं नसतं. ही पिशवीतून बाहेर पडायच्या आधीची अमानिटा होती. हिची जात नक्की कुठली हे कळायला मार्ग नव्हता. घराणं कळलं, तेवढं पुरे होतं.

मग मॅडमनी डेथ कॅपचं वेळापत्रक सांगितलं. खाल्ल्यावर सहा ते बारा तास काहीच होत नाही, कधी त्याहूनही जास्त वेळ. मग उलट्या-जुलाब. मग एखादा दिवस बरं वाटतं, माणूस घरी जायचं म्हणतो, आणि आत यकृत निकामी होत असतं. शिजवून, वाळवून, गोठवून विष जात नाही. अर्धी टोपी धडधाकट माणसाला पुरते. वाचलेल्यांनी चव चांगली होती असं सांगितलंय, ही त्यातली सगळ्यात वाईट बातमी. पवित्र रोमन सम्राट सहावा चार्ल्स १७४० मध्ये गेला, त्याचं खापरही अळंबीच्या एका ताटावरच फोडतात. त्याच्या मागे ऑस्ट्रियाच्या गादीवरून जी लढाई जुंपली ती १७४८ पर्यंत चालली. सम्राटाच्या स्वयंपाकघरात नोंदवही ठेवणारं कुणी नसावं.

संध्याकाळी मुक्कामावर बीजाणूंचे ठसे घ्यायचा कार्यक्रम होता. दांडा काढायचा, टोपी पट्ट्यांची बाजू खाली करून कागदावर ठेवायची आणि वर पेला पालथा घालायचा. कागद अर्धा काळा, अर्धा पांढरा हवा, कारण पांढरे बीजाणू पांढऱ्या कागदावर दिसत नाहीत. रात्री मुक्कामातला एकूण एक पेला कुठल्या ना कुठल्या संशयितावर पालथा होता आणि आम्ही ओंजळीने पाणी पीत होतो.

सकाळी पेले उचलले. खरं सांगतो, दृश्य सुंदर होतं. मधून बाहेर जाणाऱ्या बारीक रेषांची चक्रं, एक चॉकलेटी, एक गुलाबीसर, एक काळी. आणि एक हिरवट. ती जंगलाच्या कडेच्या गवतातली मोठी, गोरीपान, गळ्यात कडं घातलेली अळंबी होती, जिच्याबद्दल आदल्या दिवशी कुणाचंच दुमत नव्हतं. तिच्या कोवळ्या पट्ट्या पांढऱ्याच असतात. हिरवे बीजाणू पडले की कळतं ही क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस. जिवावर सहसा उठत नाही, पण रात्रभर मोरीपासून लांब जाऊ देत नाही.

मॅडमनी मग एकेक कागदी पिशवी उघडून निकाल द्यायला घेतले. “ही रसुला. दांडा खडूसारखा मोडतो, म्हणून एवढं तरी म्हणते.” “ही कॉर्टिनॅरियस. हिच्या काही बहिणी मूत्रपिंडं बंद पाडतात, आणि तेही कधी दोन आठवड्यांनी.” “या सगळ्या एलबीएम.” एलबीएम म्हणजे लहान, तपकिरी आणि एकमेकींसारख्या अळंब्या, ज्यांच्यापुढे तज्ज्ञही हात टेकतात. कवकांच्या दीडेक लाख जातींना आजवर नावं मिळालीत आणि अंदाज २२ ते ३८ लाखांचा आहे. आमच्या टोपलीत एखादी बारसं न झालेली असेलही. तिला आम्ही पुन्हा बिनबारशाचीच सोडली.

एकाच जातीबद्दल त्या “असू शकेल” म्हणाल्या नाहीत. वारुळाच्या मातीतून खणून काढलेल्या त्या अळंब्यांचा दांडा मुळासारखा निमुळता होत पार खाली वाळवीच्या घरापर्यंत गेला होता. टर्मिटोमायसिस. वाळवी सुमारे तीन कोटी वर्षांपासून हिची शेती करते. बीजाणूंचा ठसा गुलाबीसर, बुंध्याशी पिशवी नाही, सगळा हिशोब जुळला. त्या चिरून, नीट शिजवून टेबलावर आल्या. वास असा सुटला की या वेळी नाकांमध्ये मतभेद झाला नाही.

“पहिल्यांदा खाणाऱ्यांनी थोडीच घ्या,” मॅडम म्हणाल्या. “आणि प्रत्येक जातीचा एक कच्चा नमुना फ्रिजमध्ये राखून ठेवायचा, हा नियम आहे.”

“कशाला?” मेव्हण्याने वाटी पुढे करत विचारलं.

“काही झालंच तर हॉस्पिटलमध्ये दाखवायला.”

मेव्हण्याने वाटी अलगद मागे घेतली. “भावजी, तुम्ही वडीलधारे. पहिला मान तुमचा.” मी बायकोकडे बघितलं. “मला अळंबी आवडत नाही, हे तुला लग्नाच्या आधीपासून माहितीये,” ती म्हणाली. मला हे आत्ताच कळत होतं. फोनवाला तरुण अॅप उघडून भाजीचा फोटो काढू लागला.

मॅडमनी सगळ्यांकडे एकदा बघितलं, भांडं आपल्याकडे ओढलं आणि जेवायला लागल्या. “मीठ किंचित कमी पडलंय,” एवढंच म्हणाल्या.