'ज्ञान कमी, आव फार' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

पिकअपच्या टॉर्शन बारवरच्या माझ्या लेखावर तुम्ही दिलेली प्रतिक्रिया रात्री वाचली आणि उत्तर सकाळी लिहितोय, म्हणजे रागाच्या भरात लिहिलं असं कुणी म्हणायला नको.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं. फोर व्हील ड्राइव्ह पिकअपचे पुढचे टॉर्शन बार (स्प्रिंगसारखे पिळले जाऊन गाडीचं वजन पेलणारे पोलादी दांडे) आवळले की सस्पेन्शन कडक होतं, हे माझं वाक्य चूक. बार आवळायचा बोल्ट फिरवण्याआधी गाडी उचला, हे मी सांगितलं नाही. अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचा, उल्लेख नाही. दोन्ही बाजूंच्या बोल्टचे फेरे सारखे ठेवा, हेही सांगायला हवं होतं. आणि शेवटी, "ज्ञान कमी, आव फार." पहिल्या चार गोष्टी सभ्यपणे लिहिता आल्या असत्या. पण पाचवी लिहायची होती म्हणूनच आधीच्या चार जमवल्या असाव्यात, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

चूक असेल तर मी कबूल करतो. डावा-उजवा बार एकमेकांच्या जागी टाकू नये, हे लेखात राहून गेलं. कारखान्यातच प्रत्येक बारला एका दिशेने पीळ देऊन मुरवलेलं असतं, म्हणून टोकावर डावा-उजवा अशी खूण असते. हे तुम्ही दाखवून दिलेलं नाही, मीच सांगतोय.

आता 'कडक'. तुम्ही लिहिता, "आवळून बारचा ताठपणा बदलत नाही, हे शाळकरी पोरालाही कळेल." शाळकरी पोराने अँकर आर्मचा (बारचं मागचं टोक धरणाऱ्या तुकड्याचा) बोल्ट कधी सोडवलाय का, ते विचारत नाही. ताठपणा ठरतो बारच्या व्यासावर, लांबीवर आणि पोलादावर. व्यासाचा तर चौथा घात लागतो. बार 10 टक्क्यांनी जाड घेतला की तो सुमारे 46 टक्क्यांनी ताठ होतो. बोल्ट फिरवून यातलं काहीच बदलत नाही. हे मला माहीत नाही, असं तुम्ही कशावरून धरून चाललात?

उलट ऐका. माझ्या पहिल्या पिकअपच्या वेळी, चाकं लटकत असताना, मी बारवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्या रंगाची सरळ रेघ मारली होती. गाडी चाकांवर उतरवली तशी ती रेघ मळसूत्रासारखी तिरकी झाली. मग गाडी पुन्हा उचलली, बोल्ट चार फेरे आवळला, खाली ठेवली, बंपर दाबून दोन-चार हेलकावे दिले आणि परत खाली शिरून पाहिलं. गाडी पुढून वर आली होती. रेघेचा तिरकेपणा मात्र होता तेवढाच, निदान डोळ्याला तरी. चाकावरचं वजन तेवढंच, म्हणून बारमधला पीळही तेवढाच. बोल्टने बारचं मागचं टोक फिरतं, बार तेवढाच पुढे फिरतो, चाकाला धरणारा आर्म खाली जातो आणि गाडी उचलली जाते. (माझ्या गाडीत बार लोअर आर्मला होता. काही गाड्यांत वरच्या आर्मला असतो. यावरूनही प्रतिक्रिया येईल म्हणून आधीच सांगून ठेवतो.) थोडक्यात, तुमचं वाक्य मी गाडीखाली पाठीवर पडून पडताळलेलं आहे, तुम्ही ते लिहायच्या कितीतरी आधी.

मग 'कडक' का लिहिलं? कारण आत बसणाऱ्याला ती कडक लागते. समजा चाकाची एकूण चाल 20 सेंटिमीटर आहे, 10 वर आणि 10 खाली. गाडी पुढून 5 ने उचललीत की खाली जायला 5 च उरले. खड्डा आला की चाक खाली जाऊ बघतं आणि आर्म रिबाउंड स्टॉपवर, म्हणजे त्याची खालची हद्द ठरवणाऱ्या अडणीवर, ठक्कन आदळतो. त्या ठकठकीला मी दोन महिने 'शॉक गेले' म्हणत होतो. नवे टाकले, ठकठक तशीच. शेवटी एका मिस्त्रीने गाडी उभी असतानाच आर्म आणि स्टॉप यांच्यामधल्या फटीत बोट घालायला सांगितलं. बोट शिरलं नाही.

त्याच गाडीचा बाहेरच्या सीव्ही जॉइंटचा (चाकाजवळच्या वळत्या सांध्याचा) रबरी बूटही फाटला. रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले तेव्हा कळलं. चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढला की बुटाच्या घड्या एकमेकींवर घासत राहतात. फोर व्हील ड्राइव्हमध्ये उंचीचा खरा हिशोब तिथे असतो, आणि त्यावर लेखात तीन परिच्छेद आहेत. त्यातला एकही तुम्हाला दिसला नाही. दिसला तो एक शब्द.

बाकीचं. गाडी स्टँडवर घेऊन, चाकं लटकवूनच बोल्ट फिरवायचा, हो. भारासकट फिरवला तर आटे जातात. हे मी गृहीत धरलं होतं. उंची बदलली की कॅम्बर आणि टो (चाकाचा उभा कल आणि आत-बाहेर वळलेपणा) बदलतात, तेव्हा अलाइनमेंट करावंच लागतं, तेही हो. हेडलाइटही आभाळाकडे बघायला लागतात, ते मात्र तुम्हीही विसरलात.

आणि फेरे सारखे ठेवायचं म्हणाल, तर अजिबात ठेवू नका. दोन्ही बार सारखेच बसलेले नसतात, दोन्ही बाजूंना वजनही सारखं नसतं, आणि एक बाजू उचलली की दुसरीही थोडी हलते. सपाट जमिनीवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा आणि दोन्हीकडचं माप जुळवा. फेरे कमी-जास्त होतील, होऊ द्या. इतरांना शाळकरी पोराचा दाखला देणाऱ्याने हे तरी तपासून लिहायचं होतं.

लेखात 'कडक होतं'च्या जागी 'कडक लागतं' केलंय. तुमच्या शेवटच्या चार शब्दांचं काय करायचं, ते तुम्ही बघा.